कामकाजातून काढून टाकलेलं माझं एक वाक्य

मी दिल्लीत वरच्या सभागृहात नोकरीला होते असं सांगितलं, की नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न येतो, "कितव्या मजल्यावर?" दुसरा प्रश्न येतो, "मग मोठमोठ्यांच्या ओळखी असतील?" तिसऱ्या प्रश्नाच्या आत लिफ्ट येते आणि माझी सुटका होते.

तर लिफ्ट यायच्या आत जे सांगता येत नाही ते इथे सांगते. संसदेला सभागृहं दोन. लोकांनी थेट मतं देऊन पाठवलेल्यांचं खालचं आणि बहुतेक करून राज्यांच्या आमदारांनी निवडून पाठवलेल्यांचं वरचं. वरचं म्हणजे वरच्या मजल्यावरचं नव्हे. तिथे मी दुभाषी होते. मराठी कानातून आत घ्यायचं आणि त्याच दमात इंग्रजी करून तोंडातून बाहेर काढायचं, हे माझं काम. आमच्या सासूबाई अख्ख्या सिन्नरात सांगत फिरायच्या, "आमची सून संसदेत बोलते." त्यात खोटं काही नव्हतं. फक्त मी जे बोलायचे त्यातलं एकही वाक्य माझं नसायचं. एक सोडून. ही त्या एकाची गोष्ट.

आधी कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर चूक कुठे झाली ते कळायचं नाही. दुभाष्याची जागा काचेच्या खोपटात. आत दोघं बसतात, कारण अर्ध्या तासाच्या वर हे काम एकट्याने केलं तर डोक्याचं भजं होतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकत राहायचं आणि अडलं तर कागदावर शब्द लिहून पुढे सरकवायचा. समोर एक बटण असतं, त्याला आम्ही खोकल्याचं बटण म्हणायचो. ते दाबलं की आपला आवाज बंद, मग खोका, शिंका, शिव्या द्या. खाली प्रत्येक आसनापाशी कानाला लावायचं यंत्र आणि भाषा निवडायची कळ. ती फिरवली की एका भाषेतून दुसरीत जाता येतं.

मराठीची गंमत अशी, की क्रियापद शेवटी. सदस्य म्हणतात, "या विधेयकाला माझा," आणि पाण्याचा घोट घेतात. पाठिंबा की विरोध? इंग्रजी ऐकणारे सगळे माझ्या तोंडाकडे कान लावून बसलेले, आणि मी त्या सदस्यांच्या घशाकडे बघत बसलेली.

शिवाय नियम असा, की बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'ते असं म्हणतात की' करत बसलं तर पुढचं वाक्य निघून जातं. त्यामुळे माझ्या या किरकोळ आवाजात मी साखर कारखान्याची चेअरमन झाले, निवृत्त न्यायाधीश झाले, आणि एकदा तर भर सभागृहात म्हणाले, "मी तालमीतला पैलवान आहे, मला कोणी दमात घ्यायचं काम नाही." तेव्हा खाली दोन-तीन जणांनी माना वळवून काचेकडे बघितलं होतं.

शब्द दगा देतात तो परक्या भाषेत नाही, शेजारच्या भाषेत. आपल्याकडे राजीनामा म्हणजे पद सोडणं. हिंदीत तोच शब्द तडजोडीच्या कागदाला वापरतात. विरोधी बाकावरच्या एका सदस्यांनी मराठीत मागणी केली, की मंत्र्यांनी ताबडतोब राजीनामा द्यावा. हिंदीच्या खोपटात आमचे एक नवे सहकारी होते. त्यांनी सांगितलं, मंत्रीजींनी ताबडतोब समझोता करावा. सरकारी बाकांवरून जोरात बाकं वाजली. आपल्या मागणीचं असं स्वागत झालेलं पाहून ते सदस्य इतके गोंधळले, की त्यांनी मागणी पुन्हा केली. पुन्हा बाकं वाजली. मी तेव्हा इंग्रजीच्या खोपटात होते, हे मुद्दाम नमूद करते. त्या सहकाऱ्यांना आम्ही वर्षभर 'समझोता' म्हणून हाक मारत होतो, त्यात मी सगळ्यांत पुढे. त्याची फेड पुढे झालीच.

टीव्हीवर दिसतो तो सभागृहातला गोंधळ. खरं काम चालतं समित्यांच्या खोल्यांत. तिथे कॅमेरा नसतो, त्यामुळे माणसं माणसांसारखी वागतात. सकाळी एकमेकांवर तुटून पडलेले दोन सदस्य दुपारी एकाच बशीतली बिस्किटं खात 'आणि' हवं की 'किंवा' यावर डोकं लावताना मी पाहिलेत. एखादं विधेयक नीट तपासायचं असलं की ते प्रवर समितीकडे जातं. समिती जाहिरात देते, लोकांकडून निवेदनं मागवते, काहींना साक्षीला बोलावते, एकेक कलम उलटंसुलटं करून बघते आणि मग अहवाल देते.

असंच एक विधेयक आलं होतं, माणसांची खासगी माहिती जपण्याबद्दलचं. हेतू चांगला होता. कोणाचं नाव, गाव, नातीगोती त्याच्या संमतीशिवाय कोणी साठवायची नाहीत, आणि ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं की पुसून टाकायची. निवेदनं पोत्याने आली. बहुतेक कंपन्यांची, वकिलांची, जाडजूड. त्यात एक दोन पानी निवेदन मराठीत, शाईच्या पेनाने लिहिलेलं, पत्ता पंचवटी, नाशिक. मराठी म्हणून ते भाषांतराला माझ्या टेबलावर आलं. आमच्या गावचं पत्र बघून मी चहा मागवला आणि सावकाश वाचायला घेतलं.

लिहिणारीचं नाव कुमुदताई. घराणं तीर्थपुरोहितांचं. तिने लिहिलं होतं, की रामकुंडावर अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला जे लोक येतात ते आमच्या घरी बसून वहीत स्वतःच्या हाताने लिहून जातात, कोण आलो, कोणासाठी आलो, भाऊ किती, मुलं कोण. पुढे त्यांचा नातू येतो आणि आजोबाचं अक्षर बघतो. अशा सात-आठ पिढ्यांच्या वह्या आमच्याकडे आहेत. पूजा दिरांची मुलं सांगतात, वह्या मी बघते. तरी समितीने कृपा करून सांगावं, की जो माणूस वारला त्याची संमती कोणाकडून घ्यायची? श्राद्ध आटोपून लोक बसमध्ये बसले म्हणजे काम संपलं असं धरून मी पान फाडायचं का? आणि जुनी पानं विरायला लागली म्हणून पुतण्याने त्यांचे मोबाइलवर फोटो काढलेत, तर गुन्हेगार तो की मी?

शेवटी एक ओळ होती: इंग्रजी मसुद्यातलं हे कलम मी चार वेळा वाचलं, त्यातला स्वल्पविराम चुकीच्या जागी आहे. होताही. मी मनात म्हटलं, पुतण्याने समजावून दिलं असेल. हे मी मनात म्हटलं त्याची मला अजून लाज वाटते.

विनोद बाजूला ठेवला तर प्रकरण गंभीर होतं. कलम लिहिलं होतं तसंच राहिलं असतं, तर त्या वह्या ठेवणं हाच गुन्हा ठरला असता. समितीच्या अध्यक्षांना निवेदन आवडलं आणि कुमुदताईला साक्षीचं बोलावणं गेलं.

ती आली. पासष्टीच्या पुढची, सडपातळ, नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, हातात लाल बासनात बांधलेली लांबोडी वही. मी घ्यायला दारापाशी गेले होते. तपासणीच्या यंत्रातून वही गेली आणि पहाऱ्यावरच्या जवानाने विचारलं, "माताजी, इसमें क्या है?"

"लोगों के पुरखे," ती म्हणाली.

तो हसला. "हमारे भी हैं क्या?"

तिने त्याला गाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि तिने मान हलवली. "ते आमच्याकडे नाहीत. त्या भागाचं दुसऱ्या गुरुजींकडे आहे. त्यांचा पत्ता देते." आणि खरोखर त्याच्या हातात चिठ्ठी दिली. तो जवान तिला सलाम करून आत सोडताना मी पाहिला. असा सलाम आमच्यापैकी कोणालाही मिळत नसे.

आता चुकीकडे येते. साक्ष सुरू झाली तेव्हा बोलत होता माझा सहकारी. मी शेजारी ऐकत होते. बरोबर अर्ध्या तासाने त्याने मला खूण केली आणि मी माईक घेतला. कुमुदताई म्हणत होती, "वह्या आधी आमचे यजमान सांभाळायचे. चाळीस वर्षं त्यांनी सांभाळल्या."

आता आमच्या आईने वडिलांचं नाव आयुष्यात घेतलं नाही, ती 'यजमान'च म्हणायची. त्यामुळे मी बिनधास्त सांगितलं, वह्या आधी माझे पती सांभाळायचे. बरोबर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, असंही ती म्हणाली. तेही मी सांगितलं. तेही बरोबर.

मग ती म्हणाली, "आमचे यजमान देशभर पसरलेत."

पुरोहिताच्या घरात यजमान म्हणजे ज्याच्यासाठी पूजा करायची तो. म्हणजे यात्रेकरू. हे पंचवटीतलं शेंबडं पोरही सांगेल, आणि मी तर गोदावरीच्या अलीकडच्या काठावर वाढलेली. पण आपला मराठी माणूस एका नवऱ्यालाही आदराने अनेकवचन लावतो. 'आमचे यजमान सांभाळायचे' आणि 'आमचे यजमान पसरलेत' यात व्याकरणाच्या दृष्टीने तसूभर फरक नाही. आणि तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघण्याएवढा धीर त्या दिवशी मला नव्हता. मी स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत, प्रथमपुरुषी बोलले. मराठीत सांगायचं तर असं: "माझे पती देशभर पसरलेले आहेत."

तिचं पुढचं वाक्य आलं, "हजारोंनी आहेत. कोणी दरवर्षी येतात, कोणी घरातलं माणूस गेलं की मगच येतात." तोंड कानापेक्षा वेगाने चालण्याची सवय इतकी भिनलेली, की मी तेही सांगून मोकळी झाले. हजारोंनी आहेत. काही दरवर्षी येतात. काही घरात कोणी वारलं तरच.

अध्यक्षांनी चष्मा काढला. एका वयस्क सदस्यांनी कानातलं यंत्र काढून फुंकलं आणि परत घातलं. समितीत मराठी समजणारे एक सदस्य होते, ते दोन्हीकडून ऐकत होते. त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना, आणि मग सगळी खोली हसायला लागली. शेजारी सहकाऱ्याने कागदावर मोठ्या अक्षरात 'यात्रेकरू' लिहून कागद माझ्या नाकापुढे धरला. मी खोकल्याचं बटण दाबलं. आता त्याचा काय उपयोग?

कुमुदताई थांबली होती. इकडून तिकडे बघत होती. नवऱ्याबद्दल बोलणाऱ्या विधवा बाईपुढे वीस माणसं हसत होती आणि ते हसू मी तिच्या पानात वाढलं होतं. तेव्हा मला हसू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. मी बटण सोडलं, दुभाष्याची दुरुस्ती आहे असं सांगितलं, अर्थ समजावला. अध्यक्षांनी हसण्याबद्दल तिची माफी मागितली आणि ते वाक्य कामकाजातून काढून टाकायला सांगितलं. सदस्यांची वाक्यं काढून टाकतात, ते रोजचंच. दुभाष्याचं वाक्य काढून टाकलं गेल्याचं मी दुसरं ऐकलेलं नाही.

पण साक्ष संपली नव्हती. खानदेशापलीकडच्या भागातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "हमारे दादाजी नासिक गए थे. ज़रा देखिए, हमारा नाम है क्या?"

तिने गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि वही उघडली. वह्या डझनांनी असताना नेमकी त्या भागाची वही तिने कशी आणली, असं मला वाटलं. नंतर कळलं, की समितीच्या सदस्यांची यादी बाईंनी आधीच वाचून ठेवली होती. तिने पान काढलं, बोट ठेवून मनातल्या मनात वाचलं आणि वही मिटली.

"आहे," ती म्हणाली.

"तो पढ़िए."

"नाही वाचणार."

खोली एकदम सावध झाली. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या घरातलं आहे ते. इतक्या लोकांत कसं वाचू? नाशिकला या, पाय धुवा, बसा, मी तुम्हाला एकट्याला दाखवते. तुमचा भाऊ म्हणून कोणी आला तरी आधी तो कोण ते विचारते. आमच्यात तसंच आहे."

हे मी इंग्रजीत सांगितलं. शब्दन् शब्द बरोबर सांगितला. समोर खात्याचे अधिकारी बसले होते, त्यांच्याकडे बघून अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही दोन बैठका घेऊन जे समजावलं ते बाईंनी वही मिटून समजावलं."

बाहेर व्हरांड्यात कुमुदताई मला भेटली. काचेमागे कोण होतं ते तिला माहीत होतं. तिने सहज विचारलं, "मधे सगळे का हो हसले?"

आयुष्यभर दुसऱ्यांचं खरं-खोटं इमानदारीने पोचवणारी मी, स्वतःचं पहिलंच वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "यंत्र बिघडलं होतं."

"हो का," ती म्हणाली, आणि वही छातीशी धरून निघाली.

अहवालात तिच्या म्हणण्यावर एक परिच्छेद आला: घरच्यांनी स्वखुशीने लिहिलेल्या पिढीजात वह्यांचं काम यात्रा संपली म्हणून संपत नाही, सबब त्यांचा वेगळा विचार व्हावा. समितीची शिफारस सरकारने मानलीच पाहिजे असं नसतं. खात्याचं उत्तर आलं, 'नोंद घेतली.' सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो ते मी इथे लिहीत नाही. पण पुढे कायदा झाला तेव्हा कागदावरच्या वह्यांना त्याने हात लावला नाही. फोटोंना मात्र लावला.

घरी ही हकिकत सांगितल्यावर आमचे हे आठवडाभर विचारत होते, "मग मी कितवा?" ऑफिसात 'समझोता'ने माझं नाव 'द्रौपदी' ठेवलं. ते मी मुकाट्याने घेतलं. पण व्हरांड्यातलं ते 'हो का' काही जाईना. आपल्या गेलेल्या नवऱ्याचं नाव काढलं आणि दिल्लीची माणसं हसली, एवढंच ती घेऊन गेली असणार, आणि खरं सांगणारी एकच बाई तिथे होती, तिने यंत्रावर ढकललं.

निवृत्त होऊन नाशिकला आले तरी वर्षभर मी पंचवटीत गेले नाही. भाजी घ्यायलासुद्धा नाही. शेवटी एका सकाळी रिक्षा केली. द्वारका चौकात अडकलो तो अर्धा तास अडकलो, आणि परत फिरायला ते कारण पुरेसं आहे असं मला दोनदा वाटलं.

कुमुदताई ओट्यावर वह्या उन्हाला देत बसली होती. मला ओळखलं. चहा आला. मी आधी इकडचं तिकडचं बोलले. वहीत ज्यांचे दादाजी निघाले त्या सदस्यांचं काय झालं विचारलं.

"आले होते," ती म्हणाली. "बसले तासभर. रडले."

"काय होतं त्या पानावर?"

"तुम्ही त्यांच्या कोण?"

मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. यजमान, पती, हजारो, बटण, आणि यंत्र बिघडलं नव्हतं हेही.

तिने वहीचं पान उलटलं. "माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. तुम्ही ते कानाला लावायचं यंत्र दिलं होतं ना, त्याला कळ होती. मी मराठीत बोलतेय ते इंग्रजीत कसं होतंय म्हणून फिरवून बघितली."

मला ओट्यावरून खाली उतरावंसं वाटलं. "मग तेव्हाच बोलला का नाहीत? मला झापायचं तरी."

ती म्हणाली, "आमच्या घरातला जुना विनोद आहे तो. मला लग्न करून आणलं तेव्हापासून हे म्हणायचे, कुमुद, तुला यजमान एकच, मला हजारो. रोज म्हणायचे. मी रोज चिडायची. ते गेले आणि ते हजारो सगळे माझ्याकडे आले, तो एकच राहिला नाही. सहा वर्षं हा विनोद कोणी केला नव्हता बाई. तो तुम्ही दिल्लीत केलात, तोही इंग्रजीत. मी हसत नव्हते, कारण हसले असते तर रडले असते."

मग तिने वही पुढे केली आणि पेन दिलं. आमचं मूळ गाव तिच्याच वहीत निघालं. कोण आलो, कशासाठी आलो, हे लिहायचं असतं. मी नाव लिहिलं आणि कशासाठीच्या जागी लिहिलं, 'खोटं बोलले होते, ते सांगायला.' तिने वाचलं, शाई वाळू दिली आणि पान उलटलं. पुतण्याने काढलेले फोटो तिने त्याच्याकडून पुसून घेतले होते. हजारांची संमती घेत बसायला मला वेळ नाही, म्हणाली.

हा मजकूर छापायचा तर तिची संमती हवीच होती. मी हस्तलिखित पाठवलं. चार दिवसांनी परत आलं. तीन स्वल्पविराम लाल शाईने हलवलेले, आणि शेवटी शाईच्या पेनाने एक ओळ: 'वाचलं. आमच्या यजमानांची हरकत नाही.'

ही ओळ मी इंग्रजीत करून पाहिलेली नाही.